लुकलुकणाऱ्या रॉकेटसाठी टेलिस्कोप कशाला, आधी स्टॉपवॉच घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सोलापुरात विजापूर रोडला गच्चीवर उभे होता, दिवस मावळून तासभर झालेला, दक्षिणेकडून उत्तरेकडं एक ठिपका चाललेला दिसला, दर ८-९ सेकंदांनी लखकन चमकायचा आणि मधे पार गायब. मोबाइल वर धरला तर अ‍ॅपनं 'एसएल-८ आर/बी' नाव दाखवलं (आर/बी म्हणजे रॉकेट बॉडी, रॉकेटचा वापरून झालेला टप्पा). आता तुम्हाला तीन गोष्टी पाहिजेत: १५ हजारांत कोणता टेलिस्कोप घेऊ, ते स्वतःभोवती किती वेगानं फिरतंय ते कसं काढू, आणि चंद्रपूरकडं पडलं तसं हे डोक्यावर पडणार का.

मालक, टेलिस्कोपचे पैसे आधी खिशात ठेवा. खरा प्रश्न टेलिस्कोपचा नाहीच. तुम्ही जे बघितलं ते नक्की तेच होतं का, आणि चमकांचा वेळ विश्वास ठेवण्यासारखा कसा मोजायचा, हे दोन प्रश्न खरे, आणि दोन्हीला फार खर्च नाही.

टेलिस्कोप का नको ते आकड्यातच सांगतो. एसएल-८ म्हणजे रशियाच्या कॉसमॉस-३एम रॉकेटचा दुसरा टप्पा, लांबी साधारण ६ मीटर, व्यास २.४ मीटर, रिकामा असताना वजन दीड टनाच्या आत. यातले बरेचसे १००० किमीच्या आसपास उंचीवर फिरतायत. ९७० किमीवरून ६ मीटरची वस्तू किती दिसेल तर सव्वा आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक आर्कसेकंद), आणि आपल्याकडची हवाच तारा दोनेक आर्कसेकंदांचा करून टाकते, म्हणजे कितीही मोठी नळी लावा, दिसणार ठिपकाच. वर तो ठिपका डोक्यावरून जाताना सेकंदाला जवळपास अर्धा अंश सरकतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा. ५० पट मोठं दाखवणाऱ्या टेलिस्कोपमध्ये एक अंशभर आकाश मावतं, म्हणजे दोन सेकंदांत गेला बाहेर, आणि तुमची चमक ८ सेकंदांनी येणार. १०×५० ची दोन डोळ्यांची दुर्बीण मात्र साडेसहा अंश दाखवते, हातात धरून सोबत फिरवता येते, चमकांच्या मधला अंधुक ठिपकाही बऱ्याचदा दिसत राहतो. तुमच्या बजेटच्या निम्म्यात ती येईल. आणि जे डोळ्यांना दिसतंय त्याला तीही सक्तीची नाही.

आता ते का चमकतं ते. हे टप्पे म्हणजे मोकळ्या टाक्या. उपग्रह सोडून झाला की त्यांचं काम संपलं, दिशा सांभाळणारी यंत्रणा बंद. सुटताना बसलेला धक्का, टाकीत उरलेलं इंधन नि गॅस बाहेर पडताना लागलेला जोर, यातून ते कोलांट्या खायला लागतं, आणि तिथं हवा नसल्यात जमा त्यामुळं लगेच थांबवायला कोणी नाही. स्टीलचं लाटणं उन्हात एका टोकाला धरून फिरवून बघा, एका ठराविक कोनालाच त्याच्या अंगावरून ऊन डोळ्यात येतं, बाकी वेळ ते नुसतं मळकट दिसतं. तसंच हे, फक्त फिरणारं शेकडो किलोमीटर लांब. टप्प्याचा लांबोडा अक्ष आणि सूर्य व तुम्ही यांच्या बरोबर मधली दिशा, या दोहोंत काटकोन झाला की चमक.

इथंच पहिली गोम आहे. नळकांड्याला दोन बाजू. एका पूर्ण कोलांटीत एकदा ही बाजू आणि अर्ध्या फेरीनंतर ती बाजू, असा काटकोन दोनदा होतो. त्यामुळं चमकांमधलं अंतर ८.४ सेकंद आलं तर फेरी बहुतेक १६.८ सेकंदांची असते. बहुतेक म्हणतोय, कारण एक बाजू जास्त मळलेली असू शकते किंवा फिरण्याचा अक्ष असा तिरका असतो की एकच चमक आपल्याकडं पोचते. यावर उपाय साधा आहे, चमका एकसारख्या आहेत की जोरात-हळू-जोरात-हळू अशा, तेवढं लिहून ठेवा. आलटून पालटून असतील तर दोन बाजू दिसतायत हे जवळपास नक्की. एकसारख्या असतील तर दुपटीचा हट्ट करू नका. नोंद नेहमी चमक ते चमक हीच करायची, फेरीचा अर्थ नंतर निवांत लावायचा.

ते एसएल-८ होतं का, हे आधी तपासायला पाहिजे. अ‍ॅपवर नाव आलं म्हणजे झालं असं नसतं. मोबाइलचा होकायंत्र सेन्सर गच्चीवरच्या लोखंडी टाकीजवळ किंवा सळ्यांजवळ आरामात १५-२० अंश चुकतो, आणि त्या वेळी त्याच भागात दुसऱ्या दोन-तीन वस्तू जात असू शकतात. शिवाय अ‍ॅपमधली कक्षेची माहिती जुनी असेल तर वस्तू काही सेकंद पुढंमागं होते, खालच्या कक्षेतली तर त्याहून जास्त. मला तुमच्या बाबतीत थोडी शंका एवढ्यासाठी की एसएल-८ मध्ये बरेच टप्पे सोव्हिएत काळातले जुने आहेत, त्यातले कित्येक आता मंदावलेत किंवा स्थिर झालेत. ८ सेकंदांनी चमकणारा असू शकतो, पण खात्री करूनच बोला.

खात्री करायची पद्धत: एखाद्या ओळखीच्या ताऱ्याजवळून किंवा दोन ताऱ्यांच्या मधून ते गेलं ती वेळ सेकंदासकट टिपा. हिवाळ्यात ब्रह्महृदय नाहीतर मृगाचा पट्टा, उन्हाळ्यात चित्रा, स्वाती, सप्तर्षी, जे जवळ असेल ते. मग घरात येऊन हेवन्स-अबव्ह या वेबसाइटवर किंवा स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कक्षेची माहिती ताजी करून, ठिकाण सोलापूर टाकून (अक्षांश १७.७ उत्तर, रेखांश ७५.९ पूर्व, एवढं पुरतं) ती वेळ लावायची. वेळ, ताऱ्याजवळची जागा आणि जाण्याची दिशा, तिन्ही जुळलं तरच नाव पक्कं. आणि नाव म्हणजे 'एसएल-८' नाही हो, एसएल-८ शेकड्यानं आहेत वर. प्रत्येकाचा वेगळा कॅटलॉग क्रमांक असतो, तो लिहायचा. तेजस्वितेच्या आकड्यावर, म्हणजे प्रतीवर, मात्र जाऊ नका (प्रतीचा आकडा लहान तेवढी वस्तू जास्त तेजस्वी). अ‍ॅप सरासरी सांगतं, ५ व्या प्रतीचं म्हणून दाखवलेलं चमकताना २ च्या प्रतीपर्यंत सहज जातं, नि मधल्या वेळात ८ व्या प्रतीत बुडतं.

विमानाचा संशय असेल तर तो लगेच सुटतो, मुंबई-हैदराबादची विमानं आपल्या बाजूनं जातात पण त्यांचे दिवे सेकंदाच्या आसपास मिचकतात, लाल-हिरवे पण दिसतात, आठ आठ सेकंद गायब होत नाहीत. आणि कधी मृगाच्या पट्ट्याच्या थोडं खाली एकाच जागी, न सरकता काही चमकून गेलं तर ते रॉकेट नसून भूस्थिर उपग्रह असण्याची शक्यता जास्त, कारण सोलापूरहून भूस्थिर उपग्रहांची रांग खगोलीय विषुववृत्ताच्या ३ अंश दक्षिणेला दिसते. मार्चचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, या दिवसांत ते जास्त चमकतात.

आता मोजणी. यात बहुतेक नवे लोक एका चमकेपासून पुढच्या चमकेपर्यंत मोजतात, ८.१ येतं, परत मोजतात ८.८, आणि मग म्हणतात हे अनियमित फिरतंय. ते फिरतंय नियमित, तुमचा अंगठा अनियमित आहे. एकेक अंतर मोजायचंच नाही. पहिल्या चमकेला स्टॉपवॉच सुरू, शेवटच्या चमकेला बंद, मधल्या नुसत्या मोजत जायच्या. समजा १२ व्या चमकेला घड्याळात १००.८ सेकंद झाले, तर १००.८ भागिले १२, म्हणजे ८.४. अंगठा दोन्हीकडं मिळून ०.२ सेकंद चुकला तरी १२ नं भागल्यावर ती चूक ०.०२ सुद्धा राहत नाही. एक नियम तेवढा पाळा, सुरुवातीच्या चमकेला 'शून्य' म्हणायचं. तिला 'एक' म्हणून सुरू केलं तर शेवटचीला १३ येतं, भागाकार ७.७५ आणि सगळी नोंद वाया. तोंडानं मोठ्यानं म्हणा, शून्य, एक, दोन, शेजारचे काय म्हणायचं ते म्हणू देत.

मधे एखादी चमक दिसलीच नाही तर घाबरून परत सुरू करू नका. लय डोक्यात बसलेली असते, जिथं यायला पाहिजे होती तिथं आकडा पुढं न्या आणि नंतर वहीत लिहा की ७ वी दिसली नाही. ढग, झाड, टाकी, काही पण कारण असतं. पण सलग तीन-चार गेल्या तर मात्र आकड्यावर भरवसा ठेवू नका, तिथपर्यंतचं एक आणि नंतरचं एक, असे दोन वेगळे हिशोब करा.

मोबाइलचं स्टॉपवॉच चालतं, पण त्याचा उजेड डोळ्यात गेला की पुढची १५-२० मिनिटं अंधुक काही दिसत नाही. नवी पेठेत खेळाच्या दुकानात धावण्याच्या सरावाचं बटणाचं स्टॉपवॉच मिळतं, लॅप साठवणारं घ्या, अंधारात चाचपून दाबता येतं. मला स्वतःला त्याहून आवडणारा मार्ग म्हणजे व्हॉइस रेकॉर्डर. मोबाइल उलटा करून कठड्यावर ठेवायचा, रेकॉर्डिंग सुरू करून सुरुवातीला घड्याळातली वेळ बोलायची, आणि दुर्बीण डोळ्याला लावून प्रत्येक चमकेला 'टक्' म्हणायचं. सोबत 'हळू', 'दुहेरी', 'ढग आला', 'स्वातीजवळ' जे दिसेल ते बोलत राहायचं. घरी आल्यावर ऑडॅसिटी या आवाजाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये ती फाइल उघडली की प्रत्येक 'टक्' तुरा म्हणून दिसतो, वेळ दशांशापर्यंत वाचता येते, आणि कुठली चमक सुटली तेही कळतं. फुकटात.

आता ज्यावर फार कमी लोक लक्ष देतात ते. तुम्ही मोजलेला आकडा हा रॉकेटच्या फिरण्याचा शुद्ध वेळ नसतो, त्यात तुमची बघायची जागा मिसळलेली असते. वर म्हटलं तशी चमक ही सूर्य आणि तुम्ही यांच्या मधल्या दिशेवर ठरते. सूर्य तिथंच आहे, पण रॉकेट सेकंदाला ७.४ किमी पळतंय, त्यामुळं त्याच्याकडून बघितलं तर तुम्ही सारखे सरकताय. ९७० किमी उंचीवर डोक्यावरून जाताना १०० सेकंदांत ही दिशा ४० अंशांच्या आसपास बदलते, आणि मधली दिशा त्याच्या निम्मी, २० अंश. तेवढ्या वेळात १६.८ सेकंदांच्या सहा फेऱ्या झाल्या म्हणजे २१६० अंश. २० भागिले २१६०, जवळपास एक टक्का. फिरण्याचा अक्ष कुठं रोखलाय त्यावर हा टक्का वाढीव असेल, कमी असेल किंवा शून्य. म्हणजे तुमचे ८.४ खरं तर ८.३२ पासून ८.४८ पर्यंत काहीही असू शकतं, स्टॉपवॉच कितीही भारी असलं तरी. म्हणून कोणी ८.४३७ असा आकडा टाकला की मी शेवटचे दोन अंक मनातल्या मनात खोडतो.

मंद फिरणाऱ्यात तर हे फारच वाढतं. मिनिटाला एक चमक असेल तर अख्ख्या सहा मिनिटांत तीनच फेऱ्या होतात आणि चूक पाच टक्क्यांच्या घरात जाते. त्यामुळं तीच वस्तू त्याच रात्री सोलापुरातून आणि पुण्यातून मोजली, तर दोघांचे आकडे वेगळे येऊन दोघंही बरोबर असू शकतात. यावर भांडणं झालेली बघितलीत. जमलं तर डोक्यावर येईपर्यंतचा अर्धा भाग नि उतरतानाचा अर्धा भाग असे वेगळे हिशोब काढा, दोन्हीत ठळक फरक आला तर तो बहुतेक याच्यामुळं, रॉकेट अचानक मंदावलं म्हणून नाही.

कधी नि कुठून बघायचं. आपण अंधारात आणि वस्तू उन्हात, एवढीच अट. युरोपात उन्हाळ्यात रात्रभर उपग्रह दिसतात ते आपल्याकडं होत नाही, आपला सूर्य सरळ खाली बुडतो. ८०० किमी उंचीची वस्तू डोक्यावर असताना सूर्यास्तानंतर सुमारे दोन तास उन्हात राहते, ४०० किमीची सव्वा ते दीड तास. पहिली चाळीस मिनिटं संधिप्रकाशात जातात. म्हणजे डिसेंबरात साडेसहा ते पावणेआठ, मे महिन्यात साडेसात ते पावणेनऊ, आणि पहाटे याच्या उलट. संध्याकाळी पूर्वेकडची वस्तू आधी सावलीत जाते, तेव्हा मधेच विझली तर ती चमक संपली असं नाही, सावली आली असेल. अ‍ॅपमध्ये सावलीत जाण्याची वेळ दिलेली असते ती आधीच बघून ठेवा.

परतीचा पाऊस गेल्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान. एप्रिल-मे मध्ये आकाश मोकळं दिसतं पण धुरळा इतका की २५-३० अंशांच्या खाली काही नाही. आपण पर्जन्यछायेत, त्यामुळं आषाढ-श्रावणातही मधेच फटी मिळतात, त्या सोडू नका. गावातून गच्ची चालते. सात रस्त्याकडं जरा अवघड आहे, पण हद्दवाढ भागात ४ थ्या प्रतीपर्यंत काम होतं. अंधार पाहिजे तर बार्शी रोडनं नान्नजच्या बाजूला किंवा अक्कलकोट रोडला कुणा ओळखीच्याच्या रानात जा. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, रात्री त्याच्या हद्दीत घुसायचं नाही, आणि कुठंही पायात बूट, हातात बॅटरी, साप काय दुर्बीण बघून बाजूला होत नाही. मिरवणुकांच्या दिवसांत ते शार्पी लाइट आकाशात नाचत असतात, तेव्हा घरीच बसा.

फोटोचं थोडक्यात. कॅमेरा स्टँडवर, रुंद लेन्स, ३० सेकंदांचं एक्सपोजर, आयएसओ ८०० च्या आसपास. रेघेवर मणी ओवल्यासारखे ठिपके येतात, ते मोजले की झालं. पण ३० सेकंदांत तुमच्या वस्तूचे जेमतेम तीन-चार मणी येणार, म्हणून फोटो ओळख पटवायला चांगला, वेळ मोजायला कान आणि तोंडच बरं.

हे सगळं करून मिळतं काय, असं कोणीतरी विचारणारच. एका रात्रीच्या आकड्यातून फारसं काही नाही. तीच वस्तू महिन्या-महिन्यानं मोजली तर मजा आहे. टप्पा अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूचा, तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात फिरतोय, त्यामुळं त्याच्या अंगात भोवरी विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते ब्रेकसारखं काम करतात. चमकांमधलं अंतर वाढत जातं, खालच्या कक्षेत जास्त, वर कमी. शेवटी लांबोडी वस्तू गुरुत्वाकर्षणाच्या ओढीनं उभी स्थिरावू शकते, मग चमकणं बंद. उलटही होतं, एखादीची टाकी उशिरा गळते आणि ती वेग घेते, असलं काही तुमच्या वहीत आलं तर ते खरं सोनं. बेल्जियमच्या हौशी निरीक्षकांच्या गटानं अशा चमकांच्या वेळांचा मोठा संग्रह कित्येक वर्षं जमवलाय, बहुतेक सगळा डोळा आणि स्टॉपवॉच यांच्या जिवावर. अवकाशातला असला कचरा काढायला यान पाठवायचं तर आधी ते किती फिरतंय हे माहीत लागतं. जपानी कंपनी अ‍ॅस्ट्रोस्केलचं अ‍ॅड्रास-जे यान २०२४ मध्ये एका एच-२ए रॉकेटच्या टप्प्याजवळ गेलं, तो टप्पा २००९ चा, ११ मीटर लांब, आणि तो कोलांट्या खात नव्हता म्हणून इतकं जवळ जाणं जमलं. आणि हे बघणं काही नवीन पण नाही, १९५७ ला लोकांनी साध्या डोळ्यांनी 'स्पुटनिक' म्हणून जे बघितलं ते बहुतेकांच्या बाबतीत त्याच्यासोबत कक्षेत गेलेलं रॉकेटच होतं, स्पुटनिक स्वतः फार अंधुक होता.

राहिला पडायचा प्रश्न. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर जे जळत जाताना दिसलं आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडं धातूची मोठी रिंग सापडली, ते खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या म्हणण्यानुसार चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा होता. तो लांबट कक्षेत होता, प्रत्येक फेरीला खाली येऊन वातावरणाला घासणारा, म्हणून वर्षभरात आला. तुमचं जर खरंच १००० किमीच्या आसपासचं एसएल-८ असेल तर ते शेकडो वर्षं तिथंच राहणार. चमकणं आणि पडणं यांचा काही संबंध नाही. पडणारी वस्तू लुकलुकत नाही, नारिंगी शेपटी घेऊन तुकडे होत जाते. कॅटलॉग क्रमांक मिळाला की त्याची सगळ्यात खालची उंची बघा, ती २०० किमीच्या आत आली असेल तरच पुढचं बोलू.

तुमचं ८-९ सेकंदांचं पाखरू पुढच्या आठवड्यात दोनदा-तीनदा परत दिसायला पाहिजे, वेळ थोडी सरकेल. तेव्हा कॅटलॉग क्रमांक, पहिल्या नि शेवटच्या चमकेची वेळ, एकूण चमका (शून्यापासून), एकसारख्या की आलटून पालटून, आणि कुठल्या ताऱ्याजवळून गेलं, एवढं इथं टाका. आकडे मी तपासून देतो.